खडूची रेघ

डावऱ्या मावशींनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतले, पण स्वतःचं घर त्यांना कधी बेतता आलं नाही. दोन खोल्यांत मुंगी शिरायला जागा नव्हती. आता गुडघे कुरकुरायला लागले आणि मुलाकडे राहायला जायचं ठरलं. तिथे त्यांच्या वाट्याला एक खोली, एक कपाट. शिलाई मशीन मुलाने आधीच नेऊन खिडकीशी मांडलं होतं. सून म्हणाली होती, तुम्ही वापरता ते सगळं आणा, बाकीचं सोडा. इतक्या मोकळ्या मनाने बोलावणारी सून मिळायला नशीब लागतं, हे मावशी जाणून होत्या.

पण आपण वापरतो काय, हे ठरवायचं कसं? मावशींनी शिंप्याची अक्कल चालवली. महिनाभर जी वस्तू वापरायची, तिच्यावर खडूची रेघ ओढायची. महिनाअखेरीला रेघ नसेल ते वाटून टाकायचं.

शेवटच्या दिवशी मावशी शेवटच्या गिऱ्हाइकाचा हाताने शिवलेला झगा पोचवायला गेल्या आणि इकडे रोज मदतीला येणाऱ्या सुनेने कंबर कसली. रेघ नसलेलं सगळं तिने जिन्याखाली मांडलं; शेजारीपाजारी खुशीत घेऊन गेले. मावशी परतल्या तर घर कसं मोकळं झालेलं. त्यांनी सोबत न्यायचं खोकं उघडलं. आत एकदाच भरलेला थर्मास, पाहुण्यांची चादर, डॉक्टर आले तेव्हा काढलेली कपबशी. कात्री मात्र कुठेच नव्हती.

कात्रीच्या मुठीवर त्यांनी रोज रेघ ओढली होती आणि रोज ती तळहाताने पुसली गेली होती. खडू हात लागला की जातो, हे गिऱ्हाइकांना शंभरदा सांगणारी बाई स्वतःच विसरली होती.

सून घामाघूम होऊन बसलेली. तिला काय बोलणार? आणि दिलेली वस्तू परत मागायची नाही, हा मावशींचा जुना बाणा. नवऱ्याने पहिल्या कमाईतून मुद्दाम डाव्या हाताची बनवून आणलेली कात्री होती ती. तिच्याशिवाय त्या नव्या खोलीत आपण नुसत्या पाहुण्या, असं त्यांना वाटलं. त्यांनी सुनेला पाणी दिलं.

तिन्हीसांजेला खालचा पुस्तकबांधणीवाला वर आला.

"मावशी, ही तुमची कात्री तुम्हालाच लखलाभ. माझ्या हातात नुसती कागद चावते, कापत नाही."

मावशींनी ती डाव्या हातात घेतली, दोनदा हवेत चालवली आणि त्यांचे डोळे भरून आले. मग सुनेला सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. मावशी मात्र हसत खोक्यातल्या वस्तू बाहेर काढू लागल्या. रेघ शाबूत राहिली म्हणजे पुन्हा हातच लागला नाही, एवढा साधा हिशेब. बांधणीवाला बिचारा कात्री द्यायला आला आणि थर्मास, चादर, कपबशी घेऊन गेला.

निघताना मावशींच्या पिशवीत कात्री आणि चार कपडे, बस्स. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. जिन्यावर सुनेने नेहमीसारखा त्यांचा हात धरला आणि चिडवलं, "आई, माझ्यावर कुठे रेघ दिसत नाही तुमची."

"दर पायरीला तुझाच हात धरते," मावशी म्हणाल्या, "टिकेल कुठली?"