चित्राची कापलेली कड

आधी माफी मागते. चौथीपर्यंतच शिकले — शुद्धलेखन चुकतं, अक्षरही वाकडं. आता लिहितेय ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

अकोल्यात जठारपेठेत एका म्हाताऱ्या चाचांचं फ्रेमचं दुकान होतं. मी तिथे काचा पुसायची, चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची. त्या वर्षांत खेड्यांतून हार घालायचे फोटो फार यायचे — तरण्या माणसांचे. फ्रेम ठरल्या मापाची. फोटो मोठा निघाला की कड कापायची. दिवसभर तेच. हात आपोआप चालायचा.

एकदा चित्रकलेचे निवृत्त सर एक चित्र घेऊन आले. इटलीतलं, चार-पाचशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. देव एका पोरीच्या मागे धावतोय, आणि ती पळता पळता झाड होतेय — बोटांना पानं फुटलेली.

"सर, या पोरीले कपडे काहून नाही दिले?" चाचांनी विचारलं.

"चाचा, तिचं झाड होऊन राहिलं. कपडे कायले लागतात?"

दोघं हसले. मी लाजून खाली पाहिलं. मुंबईचा एक जण ते विकत घेणार होता. त्या पैशांत सरांच्या बायकोचं ऑपरेशन व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी चाचा नमाजला गेले, आणि मी — चित्र फ्रेममध्ये बसेना म्हणून चारही कडा कापल्या. पांढरा कागद, पत्र्याच्या दाबाची रेघ, खाली कोरणाऱ्याची खूण, सगळं गेलं. खरी किंमत त्या कडेची असते, हे मला कुठं ठाऊक? पण ती चूक झाली. सांगायचं आहे ते पुढचं.

सर न्यायला आले, चित्र उजेडात धरून चारही कडा पाहिल्या. आता ते कोण घेणार? "कोणी कापलं हे?"

चाचांना मोतीबिंदू होता, अधूनमधून विसरायचेही. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच — "चाचा, तुमीच त कापलं काल. इसरले काय?"

चाचांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. "मी? ... असंन, बेटी. डोळे गेले, आता डोकं बी गेलं."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, स्वतःवर नाही. पुन्हा कटर हातात धरला नाही. दुकानाला कुलूप लावून मला विचारायचे, "लावलं ना मी?" मी हो म्हणायची. रोज. नोकरी जाईल म्हणून गप्प होते का? पहिल्या दिवशी असेल. नंतरच्या दिवसांचं काय?

सरांनी बायकोचे दागिने विकून ऑपरेशन केलं. भरपाई मागितली नव्हती. चाचांनीच हट्टानं दिली, दर महिन्याला थोडी थोडी, पाच वर्षं. शेवटचं पाकीट मीच पोचवलं. सर म्हणाले, "चाचाले सांग, सारे पैसे फिटले."

मी जाऊन सांगितलं. त्यात माझा एक रुपयाही नव्हता.