सफरचंदाचं यंत्र आणि शेजारचे पंच

मंडळी, आज कॉलनीच्या फळ्यावर सुविचाराच्या जागी माझीच हकिगत लिहितोय.

सकाळी पोलिसांनी माझ्या घरातली आंबवलेल्या सफरचंदाच्या रसाची बरणी आणि फळं भरडायचं यंत्र उचललं. दारूबंदी आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

पंच म्हणून शेजारचे दामूअण्णा आले. लोखंडानं रस काळा पडतो, लाकडी रुळांचंच घ्या, हा जुन्या बाजारात यंत्र घेतानाचा सल्ला त्यांचाच. दर रविवारी दांडा फिरवायला आणि पेला भरून घ्यायलाही तेच.

जमादारानं विचारलं, "हे यंत्र कशाचं?"

"मला न्हाई ठाऊक, साहेब," म्हणत अण्णांनी पंचनाम्यावर सही केली.

त्यांच्या अंगठ्याला चिंधी होती. परवा रुळांत सापडला तेव्हा मीच बांधलेली.

उद्या नळावर भेटले, तर जखम कशी आहे म्हणून विचारू का?