कुंकवाचा अंगठा आणि बंद पडलेली लॅब

मागच्या आठवड्यात आमच्या जामबागच्या शाळेत माझी चांगलीच फजिती झाली. दसऱ्याच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस... त्या दिवशी आमच्याकडे कॉम्प्युटर लॅबमध्ये यंत्रांची पूजा असते. मी शिकवते मराठी, पण हळदकुंकू, झेंडूच्या माळा, झाडलोट हे खातं माझं!

दुपारी अकरा मुली स्कॉलरशिपचे फॉर्म भरायला बसल्या. पाचला मुदत संपणार, मोबाइलवर फॉर्म उघडेना... आणि लॅबमध्ये एकाही कॉम्प्युटरवर नेट नाही! कोपऱ्यातल्या स्विचचे, म्हणजे ज्या डब्यातून प्रत्येक कॉम्प्युटरला वायर जाते त्याचे, हिरवे दिवे मात्र सगळे एकदम लुकलुकत होते. हेडबाई कौतुकाने म्हणाल्या, "अगोबाई, पूजा पावली की!"

डबा दोनदा बंद-चालू करून झाला. सुनीता तर रडायच्या बेतात... या स्कॉलरशिपवरच तिचं पुढचं कॉलेज अवलंबून होतं.

तीन वाजता काचीगुड्याहून स्कूटीवर शबाना आली. आमच्या नेटवर्कचं काम तीच बघते. "घबराओ नक्को मॅडम," म्हणत तिने जमिनीवर बसकण मारली. एक वायर काढायची, दिव्यांकडे बघायचं, परत लावायची... सातव्या की आठव्या वायरीला दिवे शांत झाले आणि नेट आलं!

मुली फॉर्म भरायला लागल्या, तेव्हा तिने मला फळ्यावर चित्र काढून दाखवलं. मधे डबा, भोवती कॉम्प्युटर, चांदणीसारख्या वायरी. पूर्वी सगळे एकाच वायरीवर ओळीने जोडायचे, ती तुटली की सगळे गप्प. चांदणीत एक वायर तुटली तर तेवढा एकच कॉम्प्युटर बंद.

मग आज सगळे कसे बंद पडले? तर एका वायरीची दोन्ही टोकं त्याच डब्यात खोचलेली! निरोप एका भोकातून बाहेर, दुसऱ्यातून परत आत, नुसता गोल गोल... बाकी कुणाला बोलायला जागाच नाही.

दुरुस्तीला गेलेल्या कॉम्प्युटरची वायर सकाळी जमिनीवर लोळत होती. मला मेलीला पसारा बघवत नाही. डब्यात एक भोक रिकामं दिसलं... दिलं टोक खोचून!

हेडबाईंनी विचारलं, कुणी केलं हे? शबानाने हातातलं टोक पाहिलं. त्यावर कुंकवाचा अंगठा लख्ख उमटलेला. तिने माझ्या लाल बोटांकडे एकदा बघितलं, ओढणीने ते टोक पुसलं आणि म्हणाली, "वायर ढिली थी मॅडम... हो जाता कभी कभी."

साडेचारला अकरावा फॉर्म गेला, सुनीताचा. केवढी हुशार पोरगी आहे ही शबाना, आणि मन तर त्याहून मोठं! मला तर तिचे आभार मानायचंही सुचलं नाही.

शबाना, तू माझी लाज राखलीस गं, पण तुझं ते खोटं मला पचत नाहीये. हेडबाई, तुम्ही ही पोस्ट वाचालच... वायर ढिली नव्हती. मी खोचली होती.