सहाशे किलोमीटर खालची शंका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगणार तरी कुणाला – माझ्या ओळखीची बहुतेक माणसं त्या दिवशी सभागृहात हसायला हजरच होती.

मी भूगर्भशास्त्र शिकवायचो. निवृत्त झाल्यावर व्याख्यानं द्यायला लागलो. सदाशिव पेठेत श्रोत्यांना तोटा नाही. माझा ठरलेला विषय – खोल भूकंप. समुद्राचा तळ शेजारच्या भूपट्टाखाली सरकतो. त्याच्या खडकात पाणी कोंडलेलं असतं. खाली दाब आणि उष्णता वाढली की ते सुटतं, आणि एरवी जो कणकेसारखा वाकला असता तो खडक तडकतो. एवढं सांगितलं की टाळ्या, मग चहा.

एका संध्याकाळी शंकांच्या वेळी पहिल्या रांगेतून हात वर आला. सुनंदाचा – म्हणजे माझ्या बायकोचा. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई.

"अहो, पाणी वरच्या थरांतच सुटून जात असेल, तर सहाशे किलोमीटर खोल उरतं कुठून? तिथला खडक कसा तडकतो?"

खरं सांगू? मला माहीत नव्हतं. मलाच काय – जाणकारांचंही त्यावर अजून एकमत नाही. तेवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण चारचौघांत, बायकोला, 'माहीत नाही' म्हणायचं? मी म्हणालो, "तू उतरून बघून ये, मग आम्हालाही सांग."

सभागृह हसलं. ती खाली बसली. घरी येताना मी विचारलं, कसं झालं व्याख्यान? "छान," म्हणाली. तेव्हापासून ती मला काही विचारत नाही. भूकंपाचं जाऊ द्या – भाजी कुठली करू, हेसुद्धा नाही. सुरुवातीला मला वाटलं, संसारात शांतता आली. इतका मी शहाणा.

गेल्या महिन्यात हडपसरला व्याख्यान होतं. एका अनोळखी गृहस्थांनी नेमकी हीच शंका काढली. आणि मी? मी म्हणालो, "फार मार्मिक प्रश्न. प्रामाणिकपणे सांगतो, याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडेच नाही." माझ्या प्रामाणिकपणाला टाळ्या पडल्या. सुनंदा पहिल्या रांगेतच होती. तिनेही वाजवल्या.

घरी आल्यावर तिने सत्काराचा नारळ फोडून चटणी वाटली. आम्ही दोघंच जेवायला बसलो. मला लाज वाटत होती, फार वाटत होती. आता बोलायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं – आणि म्हणालो, मीठ थोडं कमी पडलंय.