बसायला जायचं राहिलं

आमच्या यांचं नाव मी उभ्या आयुष्यात घेतलं नाही, ते या वयात कशाला घेऊ? आष्टीकडच्या लोकांसाठी ते आधी चेअरमन होते, मग आमदार, मग मंत्रीसाहेब, आणि शेवटी दूरच्या एका थंड देशात भारताचे राजदूत. मी मात्र पहिले तिन्ही जन्म चहाच करत होते.

यांचं सगळं राजकारण दूध संघातून उगवलं. संघ उभा केला दोघांनी, यांनी आणि शेजारच्या गावच्या भाऊजींनी. भाऊजी नात्याने कुणीच नव्हते, पण यांचे जिवाभावाचे मित्र, म्हणून मी भाऊजी म्हणायची. एका मोटारसायकलवर दोघं वाड्यावस्त्या पालथ्या घालायचे, 'गाय घ्या, दूध संघाला घाला' म्हणून लोकांच्या मागे लागायचे. पुढे हे चेअरमन झाले, भाऊजी व्हाईस चेअरमन. आमच्या ओट्यावर सकाळी पन्नास माणसं जमली की भाऊजींची बायको न बोलावता येऊन चुलीपुढे बसायची. तिच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. मला सख्खी जाऊ नाही, ती उणीव तिने कधी जाणवू दिली नाही.

यांची एक गोष्ट मानायला हवी. मयत कुणाच्याही घरी होवो, मत देणारा असो की पाडणारा, हे जाऊन बसणारच. आमच्याकडे दुःखाच्या घरी नुसतं पाच मिनिटं बसायचं असतं. फार बोलायचं नसतं, निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. लग्नाला नाही गेलात तर लोक रुसतात आणि विसरतात. इथे नाही गेलात तर माणूस तुटला म्हणून समजा. 'मतांसाठी बसता' असे टोमणे मीही मारले आहेत, पण बसून आले की त्यांना दिवसभर घास जायचा नाही, हे मीच पाहिलेलं आहे.

मग तो दुष्काळ आला, हे तेव्हा मंत्री होते. संघाला जनावरांची एकच छावणी उघडता येणार होती आणि ती आपल्याकडे होईल, असा शब्द भाऊजींनी त्यांच्या गावाला देऊन ठेवला होता. यांनी ती मंत्रालयाच्या बैठकीत परस्पर डोंगरातल्या वस्त्यांजवळ नेली, कारण तिकडची जनावरं खाली बसली की उठत नव्हती. निर्णय बरोबरच होता, मी आजही म्हणेन. पण भाऊजींना तो वर्तमानपत्रातून कळला! ते तसेच चालत आमच्या घरी आले.

"मला आधी सांगाया तोंड न्हवतं व्हय तुला? आता गावात काय म्हणून फिरू मी?"

हे फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "बैठकीत ठरलंय."

तिथेच सगळं नासलं. एवढ्या माणसांची मनं राखणारा हा माणूस, घरच्या माणसाशी सरकारी बोलला. त्या उन्हाळ्यात भाऊजींनी दावणीच्या गायी बाजारात नेऊन विकल्या, आणि पुढच्या निवडणुकीत समोरच्या उमेदवाराचा प्रचार केला. हे पडले. भाऊजींची बायको नंतर एकदाच बाजारात भेटली. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "बायांनी कशापायी भांडायचं? पर ह्यांनी बोलू नको म्हणलंय." आणि गेली.

पडले तरी यांचं नाक वरच. वर्षभराने पक्षाने त्यांची सोय लावली आणि आम्ही त्या थंड देशात गेलो. तिथे चहा करायला माणूस होता, त्यामुळे मला दिवस खायला उठायचा. तिथली एक रीत मात्र बघून घ्यावी अशी. कुण्या देशाचा मोठा माणूस वारला की त्या देशाच्या वकिलातीत एक वही उघडतात. काळा कोट घालून जायचं, रांगेत उभं राहायचं, दोन ओळी लिहून सही करायची, की संपलं.

"बरंय," मी म्हणाले, "दुःखाचं हजेरीबुक."

हे हसले. पण हळूहळू ती रीत त्यांच्या अंगवळणी पडली.

दुसऱ्या वर्षी चुलत दिराचा फोन आला. भाऊजींची बायको गेली. कावीळ अंगात भिनली होती, चार दिवसांत सगळं आटोपलं. मी कपाट उघडून बॅग काढली. यांना म्हणाले, "चला."

"दिल्लीची परवानगी लागते. त्यात पुढच्या आठवड्यात आपले मंत्री यायचेत."

"मग मी एकटी जाते."

"तू गेलीस आणि मी नाही, तर मी मुद्दाम टाळलं असं दिसेल."

मी ऐकलं. त्यासाठी मला यांच्याइतकाच स्वतःचाही राग येतो. यांनी शोकसंदेश पाठवला, राजमुद्रेच्या जाड कागदावर टाईप केलेला, 'आपल्या पत्नीच्या दुःखद निधनाबद्दल' असा. दिराने नंतर सांगितलं, भाऊजींनी तो उभ्याउभ्या वाचला आणि म्हणाले, "राजदूताची सही आली. माणूस न्हाई आला." हे ऐकून यांनी त्या दिवशी ताट बाजूला सारलं.

मुदत संपवून आलो तेव्हा बीडला सत्कार ठरलेला होता. हे म्हणाले, "आधी तिकडं." वाटेत मी विचारलं, "हाकलून दिलं तर?"

"तर दाराबाहेर बसेन."

भाऊजी लिंबाखाली बाजेवर बसले होते. अंगाने निम्मे झालेले. "या साहेब," एवढंच म्हणाले. मी आत गेले. त्यांची सून गळ्यात पडली आणि मी आडवातिडवा गळा काढला. इतके दिवस साठलेलं रडणं होतं ते, परक्या देशात कुणापुढे रडणार?

बाहेर दोघं बसून. पाच मिनिटांचा तास झाला, तरी हे उठेनात. शेवटी डेअरीला दूध घालायची वेळ झाली तसे भाऊजी गोठ्याकडे गेले. दावणीला आता एकच गाय होती. हेही मागोमाग गेले आणि सुनेच्या हातातलं वासराचं दावं यांनी घेतलं. मी दारात उभी राहिले.

धार काढता काढता, मान वर न करता भाऊजी बोलले, "तिच्या मातीच्या दिवशी आला असतास, तर चार माणसांत गचांडी धरून हाकलून दिलं असतं म्या तुला."

यांनी दावं मुठीत आवळलं.

"लई तयारी केलती. काय काय बोलायचं त्ये बी ठरवलतं. दिवसभर वाटंकडं बघत बसलो. तेवढा बी आधार दिला न्हाईस रं."

यांच्या हातातलं दावं सुटलं. वासरू धावत जाऊन कासेला लागलं, ढुसण्या देत पिऊ लागलं. भाऊजी रिकामी होत चाललेली कास बघत बादली धरून बसले, हे डोळ्यांना उपरणं लावून उभे. वासराला कुणीच मागे ओढलं नाही. त्या संध्याकाळी भाऊजींचं दूध डेअरीला गेलं नाही.