मागच्या खोलीची कडी

अकरा मनोरुग्णांचं ते घर चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. वीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या. नवरा गेल्यावर त्यांनी राहतं घरच या माणसांसाठी उघडलं. घरच्यांनी हात झटकलेली माणसं त्यांच्याकडे येत. रोजचं भांडण एकच, पंखा किती जोरात ठेवायचा.

एकदा भर दुपारी त्यांतली एक मुलगी रस्त्यावर धावली आणि ट्रकखाली सापडली. तेव्हापासून ताई स्वयंपाकाला लागल्या की सगळ्यांना मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावत. तपासणीला आलेल्या अधिकारी बाईंनी ती कडी पाहिली. दोन महिन्यांत परवाना रद्द झाल्याचं पत्र आलं.

ताईंनी अपील केलं. वकिलांनी समजावलं, की तिघांसमोर सगळं नव्याने ऐकलं जातं : निवृत्त न्यायाधीश, मनोविकारांचे डॉक्टर आणि एक समाजसेविका. ते निर्णय कायम ठेवतील, फिरवतील किंवा अटी घालून परवाना परत देतील.

"ती अडगळीची खोली आहे, एवढंच सांगा," वकील म्हणाले.

सुनावणीत ताईंनी तसंच सांगितलं. जीभ अडखळली नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं. मग वकिलांनी साक्षीला मास्तरांना बोलावलं. ते त्या अकरांपैकीच एक; एकेकाळचे गणिताचे शिक्षक, नऊ वर्षं ताईंकडेच होते. ते म्हणाले, ताई गोळ्या वेळेवर देतात, अंगावर कधी ओरडत नाहीत.

"आणि मागची खोली?" डॉक्टरांनी विचारलं.

मास्तर ताईंकडे बघत म्हणाले, "कडी लागली की वाटतं, आता त्या आपल्याला विसरणार. मी दाराला कान लावून बसतो."

नऊ वर्षांत त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. वकील उठायच्या आत ताई उभ्या राहिल्या.

"ते खरं सांगतायत. अडगळीचं मी खोटं बोलले."

न्यायाधीशांनी कारण विचारलं. ताईंनी त्या मुलीचं सांगितलं. तेही लिहून घेतलं गेलं.

पंधरा दिवसांनी टपालाने निकाल आला. अपील फेटाळलं होतं, तीस दिवसांत माणसं हलवायची होती. पुढे कोर्टात जाता आलं असतं. ताई गेल्या नाहीत.

मास्तरांना दूरच्या सरकारी मनोरुग्णालयात नेलं. ताई आता एका दवाखान्यात केसपेपर काढतात. त्यांनी मास्तरांच्या भेटीसाठी अर्ज केला होता. नात्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून तो कोरा ठेवला. अर्ज परत आला. भेट फक्त नातेवाइकांना मिळते, असं वर लिहिलं होतं.