नाइट म्हणजे रात

कारेगावात मोर्च्याची घोषणा भिंतीवर रंगवताना ओल्या गेरूचा वास आला आणि मी मनानं लहानपणीच्या राहू गावच्या शाळेत जाऊन पोचलो. तिथं गुरुजींनी भिंतीवर गेरूनंच एका शेपटीचे इंग्रजी शब्द लिहिले होते. लाइट, नाइट, फाइट. अर्थ चुकला की खालच्या वर्गात रवानगी.

एके दिवशी मेंढपाळाची ठकू उत्तर द्यायला उभी होती. तिचे आप्पा दारात काठी टेकून ऐकत होते. आज चुकली तर उद्यापासून मेंढरांमागं, असं त्यांनी तिला बजावलं होतं.

"नाइट?"

"रात."

"रात्र म्हण! फाइट?"

"भांडान."

वर्ग खिदळला. "ही भाषा मेंढरांत ठेवून यायची. जा खाली!" गुरुजी कडाडले.

अर्थ बरोबर, तरी शिक्षा! हा कुठला न्याय?

आप्पांनी काठी उचलली. पण काठी आडवी ठेवून ते उंबऱ्यावरच बसले.

"गुरुजी, आमच्यात रातच म्हंत्यात. पोरगी बरोबर हाय. तिला हितंच बसवा, तवर मी उठत न्हाई."

तेव्हा मला आप्पा नुसते हट्टी वाटले होते. पुढं मी कितीतरी धरणे आंदोलनं पाहिली, स्वतःही धरणं धरून बसलो. पहिलं मात्र ते. सुट्टीची घंटा झाली तेव्हा ठकू आपल्याच जागेवर बसलेली होती.